शुभ बोल नाऱ्या!

'शुभ बोल नाऱ्या' एवढं म्हटलं की मराठी माणूस पुढचं आपोआप पूर्ण करतो, 'तर म्हणे मांडवाला आग लागली.' लहानपणापासून आपण या नाऱ्याला हसत आलोय. लग्नघर आहे, सनई वाजतेय, पाहुणे जमलेत, आणि याला सुचतं काय तर आग! पण मंडळी, या म्हणीत एक प्रश्न कुणी विचारतच नाही. मांडवाला आग खरंच लागली होती का?

लागली असेल, तर त्या सगळ्या वऱ्हाडात कामाचा माणूस एकटा नाऱ्याच.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या चहूबाजूंनी होणारा 'पॉझिटिव्ह राहा'चा मारा. सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर उगवत्या सूर्याच्या फोटोवर सुविचार येतो. साडेनऊला ऑफिसच्या मेलमध्ये वेलनेस वेबिनारचं आमंत्रण असतं. दुपारी डबा खाताना यूट्यूब उघडावं, तर तिथे एक गृहस्थ आरशासमोर उभं राहून २१ दिवस 'मी यशस्वी आहे' असं म्हणायला लावतात. (२१च का कोण जाणे. मोदकांचा हिशोब असावा.) आणि हे सगळं कधी, तर आमच्या धंद्यात माणसं कमी करण्याच्या बातम्या येत असताना. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कामोठे, खारघर, नवीन पनवेल, तळोजा या पट्ट्यात २० वर्षांचा हप्ता बांधून घेऊन राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या ओळखीत नोकरी गेलेलं कुणीतरी असतंच. अशा माणसाला 'अरे, पॉझिटिव्ह राहा ना' म्हणणं हा 'आता गप्प बस' म्हणण्याचा सभ्य प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाऱ्याला गप्प केल्याची किंमत किती मोठी असू शकते याचं आमच्या इंजिनिअरिंगमधलं उदाहरण म्हणजे चॅलेंजर. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीतले रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की थंडी फार आहे, सांध्यांमधल्या रबरी कड्या नीट काम करतील याची खात्री नाही, उद्या उडवू नका. त्यांच्याच व्यवस्थापनाने त्यांचं म्हणणं बाजूला ठेवून होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात माणसं गेली. त्या बैठकीत सगळ्यात निगेटिव्ह माणसं कोण होती, आणि बरोबर कोण होतं? आमच्याकडे टेस्टिंग टीमला 'सतत रडतात' म्हणणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघावं.

मग काय, सकारात्मक दृष्टी नकोच का? हवी की! नाहीतर सोमवारी सकाळी गाडी पकडणार कोण? पण ती नाऱ्याचं तोंड दाबून येत नाही, आणि आरशाशी बोलूनही येत नाही. हे मी नुसतं तोंडाने म्हणत नाहीये. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना 'मी इतरांना आवडण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला सांगितलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांना या औषधाची खरी गरज होती, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं. एका प्रयोगावर जग चालत नाही हे मान्य. पण कारण समजायला अवघड नाही. मन काही खुळं नाही. त्याला खोटं सांगितलं की ते उलट पुरावे काढून समोर मांडतं.

माझ्या मते गोष्ट बोलण्याची कमी आणि बघण्याची जास्त आहे. आमच्या धंद्यातलाच दाखला देतो. एखादा सर्व्हर वर्षातले ९९.९ टक्के तास चालू राहिला, तर तो वर्षभरात जेमतेम पावणेनऊ तास बंद असतो. त्या पावणेनऊ तासांसाठी रात्री तीनला फोन वाजतो, मेल येतात, मीटिंगा होतात, कारणमीमांसेचा रिपोर्ट लिहावा लागतो. उरलेल्या ८,७५१ तासांबद्दल रात्री तीनला फोन करून 'साहेब, सगळं मस्त चाललंय, झोपा' असं कुणी सांगतं का? नाही. बरोबरच आहे, यंत्रणा तशीच लावलेली असते. गंमत अशी की आपलं डोकंही तसंच लावलेलं आहे. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याविषयीचं उपलब्ध संशोधन एकत्र करून एक लेख लिहिला. त्याचा सारांश इतकाच, की वाईट गोष्टीचा ठसा चांगल्या गोष्टीपेक्षा खोल उमटतो. पैसे, नाती, पहिली भेट, काहीही घ्या. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांसाठी ते योग्यच होतं. फूल बघायचं राहिलं तर फार काही बिघडत नसे, साप बघायचा राहिला तर खेळ खलास.

तेव्हा डोक्यातला एरर लॉग बंद करायला मी सांगणार नाही. तो नाऱ्याचा खाता आहे, तो चालूच राहू दे. फक्त त्याच्या शेजारी दुसरी एक फाइल उघडायची. व्यवस्थित झालेल्या गोष्टींची नोंद.

ही काही नवी कल्पना नाही, अमेरिकेत त्यावर ढीगभर पुस्तकं आहेत. पण पुस्तकवाल्यांनी 'रोज लिहा' असं जे डोक्यात बसवलंय, त्याबद्दल मला थोडं बोलायचंय. कॅलिफोर्नियातल्या सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या २००५ सालच्या अभ्यासात लोकांनी सहा आठवडे अशी नोंद केली. काहींनी आठवड्यातून एकदा, काहींनी तीनदा. फायदा दिसला तो एकदावाल्यांना. तीनदावाल्यांना बहुधा त्याचा गृहपाठ झाला असावा. रोज लिहायचं म्हटलं की चौथ्या दिवशी माणूस 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' असं शाळेतल्या 'माझा आवडता प्राणी' छाप उत्तर लिहितो. शनिवारी सकाळी चहा घेताना दहा मिनिटं पुरतात. आणि लिहायचं ते बारीकसारीक तपशिलासकट. 'लोक चांगले असतात' हे वाक्य बाद. माझ्या वहीतली गेल्या महिन्यातली एक नोंद अशी आहे : 'टपाल नाक्यावर रिक्षावाल्याकडे सुटे नव्हते. वीस रुपये राहिले. म्हणाला, द्या नंतर कधीतरी. मी कुठे राहतो हेही त्याला माहीत नाही.' बस, एवढंच. (वीस रुपये दिले, तिसऱ्या दिवशी. तोच होता.)

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण. आपल्याकडे चांगलं बोलायचं नसतं, दृष्ट लागते! 'काय, कसं चाललंय?' विचारलं तर उत्तर काय येतं? 'चाललंय', 'ढकलतोय दिवस', 'रडतखडत'. मुलगा ९५ टक्के घेऊन आला की आई शेजारणीला सांगते, 'बरे पडलेत.' नवीन गाडी घेतली की पेढ्यांआधी लिंबू-मिरची. कौतुकाचंही तेच. आपल्याकडे 'बरंय' हा सर्वोच्च पुरस्कार असतो, आणि त्याच्या मागे 'पण' लावायची सोय असतेच. 'भाजी छान झालीय, पण मीठ...' 'कोड चांगला आहे, पण नावं...' मला या सवयीचा राग नाही, तिच्यात एक नम्रपणाही आहे. ज्या घरांनी दुष्काळ आणि गिरण्यांचा संप पाहिलाय, त्या घरांना सुखाची जाहिरात करायची भीती वाटणारच. पण परिणाम असा होतो, की तक्रार मोठ्याने होते आणि चांगलं मनातच राहतं. म्हणून एक सवय मी मुद्दाम धरली आहे : कौतुक करायचं तर 'पण'च्या आधी थांबायचं. मीठ कमी असल्याचं दुसऱ्या दिवशी सांगता येतं. कोड रिव्ह्यूमध्ये तर दुसरी कॉमेंट वेगळी टाकायची सोयच आहे :)

तिसरी सवय गाडीतली. पनवेलकरांचं अर्धं आयुष्य गाडीत जातं. हार्बरने सीएसएमटीला जायचं म्हणजे सव्वा-दीड तास, ट्रान्स-हार्बरने घणसोली-ऐरोलीला त्याहून कमी, पण रोज जाऊन-येऊन. या वेळात आता जवळजवळ प्रत्येकाच्या कानात काहीतरी खोचलेलं असतं. शिकागो विद्यापीठाचे निकोलस एप्ली आणि ज्युलिआना श्रोडर यांनी २०१४ साली नेमका याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागोच्या उपनगरातून रोज गाडीने शहरात जाणाऱ्या लोकांना तीन गटांत विभागलं. एकाने शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं, तिसऱ्याने नेहमीसारखं वागायचं. आधी विचारलं तर लोकांचा अंदाज होता की अनोळखी माणसाशी बोलत गेलो तर प्रवास सगळ्यात कंटाळवाणा होईल. झालं उलटं. ज्यांनी गप्पा मारल्या त्यांचाच प्रवास सगळ्यात चांगला गेला.

हे वाचून मला हसू आलं, कारण मुंबईच्या लोकलला हे शिकवायला शिकागोहून कुणी यायची गरज नव्हती. भजनी मंडळं, पत्त्यांचे ग्रुप, दसऱ्याला डब्याची पूजा, उभ्या असलेल्याला अर्ध्या वाटेत आपली जागा देण्याची पद्धत, हे सगळं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आमच्याही डब्यात असा एक ग्रुप आहे. त्यातला एक जण, वय तिशीच्या आतबाहेर, त्याची नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगत नाही. शुक्रवारी दुपारी अर्ध्या तासाची मीटिंग आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा. ग्रुपवर बातमी पडल्यावर हात जोडलेले इमोजी आले, 'एक दार बंद झालं की दुसरं उघडतं' वगैरे आलं. आमच्यात बँकेत नोकरी करणारे एक काका आहेत, त्यांनी इमोजी टाकला नाही. त्यांनी रात्री सरळ फोन केला.

"सोमवारी येतोयस ना? जागा धरून ठेवतो."

"काका, ऑफिसच नाही आता. येऊन काय करू?"

"पास कधीपर्यंत आहे तुझा?"

"महिनाअखेरपर्यंत."

"मग फुकट का घालवतोस? ठाण्यापर्यंत ये, आपण चहा पिऊ, मग जा परत."

तो आला. (जागा अडवण्याबद्दल तुमचं मत काय असेल ते मला माहीत आहे, तूर्तास सोडून द्या.) महिनाअखेरपर्यंत रोज आला. गाडीत कुणी त्याला धीर दिला नाही. शिव्या मात्र भरपूर घातल्या गेल्या, कंपनीला, बाजाराला आणि भारताच्या बॅटिंगला. नवी नोकरी ग्रुपमधल्या कुणामुळे लागली असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तसं झालं नाही. ती चार महिन्यांनी एका जॉब पोर्टलवरूनच लागली, थोड्या कमी पगाराची. पण तो अजून सांगतो, की त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी दाढी करून घराबाहेर पडावं लागलं, ही एकच गोष्ट त्या वेळी त्याच्या हातात होती. काकांनी त्याला 'सगळं ठीक होईल' असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनाही ते कुठे माहीत होतं?

या निमित्ताने आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या बेकाराची आठवण काढायलाच हवी. सलीम अली. आज पक्षी म्हटलं की त्यांचं नाव येतं, पण १९३० साली ते चौतिशीच्या उंबरठ्यावर होते आणि हातात नोकरी नव्हती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररचं काम करता करता ते रजा घेऊन जर्मनीत बर्लिनला पक्षिशास्त्र शिकायला गेले. शिकून परत आले, तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! म्हणजे ज्या कामासाठी अपस्किलिंग केलं तेच काम गायब. ओळखीचं वाटतंय ना? नोकरी मिळेना, तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची घरटी होती. ते रोज बघत बसले, आणि बघितलेलं लिहीत गेले.

त्यातून निघालं काय? सुगरणीचं घरटं मादी बांधत नाही, नर बांधतो. (आपण पक्ष्याचं नावच स्त्रीलिंगी ठेवलंय, आणि बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा सुगरणीच्याच नावावर आहे. बिचाऱ्या नराला क्रेडिट नाही.) नर घरटं अर्धवट विणून ठेवतो. मादी येऊन आतून तपासते. पसंत पडलं तर ती राहते, मग तो ते पूर्ण करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसरं अर्धवट घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. सँपल फ्लॅट दाखवून बुकिंग घेण्याची ही पद्धत पनवेलकरांना समजावून सांगायला नको. पण तेव्हा शास्त्राला ती नवी होती. सलीम अलींचा तो अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं.

इथे खरं तेही सांगितलं पाहिजे. सलीम अली तय्यबजींसारख्या खात्यापित्या घराण्यातले होते, डोक्यावर छप्पर होतं, आणि तेहमिना खंबीर होत्या. दरमहा पाच तारखेला बँक खात्यातून हप्ता कापत नव्हती. त्यामुळे 'नोकरी गेली तर पक्षी बघा' असा सल्ला मी कुणाला देणार नाही, कुणी दिला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. मला त्यातली वेगळी गोष्ट भावते. समोर जे होतं ते त्यांनी नीट बघितलं आणि त्याची नोंद ठेवली. ते त्या वेळी आनंदी होते की नाही हा प्रश्न बाजूलाच राहतो. नोकरी नसण्याची काळजी त्यांनाही असणारच. पण त्या काळजीच्या शेजारी रोजचं एक काम होतं, आणि त्या कामाचं लक्ष बाहेर होतं, स्वतःच्या मनाच्या तापमानाकडे नव्हतं.

मला वाटतं 'आज मी किती पॉझिटिव्ह आहे' हे सतत मोजणं हाच मोठा घोटाळा आहे. दर पाच मिनिटांनी स्वतःचाच सीपीयू किती वापरला जातोय हे तपासणारा प्रोग्रॅम शेवटी तेवढंच काम करत बसतो. त्यापेक्षा पाय मोकळे करावेत. वडाळे तलावाला चक्कर मारावी, फोन घरी ठेवून. 'अहो, फोन नसला तर पावलं कोण मोजणार?' असं एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं. नाही मोजली तरी ती पडतातच, हो!

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेरची आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, अशा माणसाला वही आणि तलाव पुरणार नाहीत, आणि त्याला सवयी सुधारायला सांगणं हा अन्याय आहे. तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर असतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की मोफत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही, आणि मराठीतून. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, पनवेलहून एका गाडीत पोचता येतं. 'मांडवाला आग लागलीय' असं कुणी तुमच्यापाशी येऊन म्हणालं, तर आधी पाणी कुठे आहे ते बघा. शुभ बोलायला नंतर वेळ मिळेल.

बाकीच्यांसाठी, म्हणजे नुसतेच वैतागलेल्यांसाठी, आपल्याला कर्नाळा जवळ आहे. १९६८ सालापासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि पनवेलहून गोवा महामार्गाने बारा-एक किलोमीटर पडतं. सुगरणीची घरटी मात्र दाट जंगलात शोधू नका. ती पावसाळ्यात शेताच्या कडेला, विहिरीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर, शिंदीच्या झाडावर लटकलेली दिसतात. त्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक झालेलं असतं, त्यामुळे ओळखायला सोपं. जाणार असाल तर रविवारी सातच्या आत निघा, नंतर कोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते.